खालच्या रांगेचं बटण

"चोर मी माझ्या डोळ्यांनी पाहिलाय, ताई. तू फक्त शिक्कामोर्तब कर!" ढम्या छाती फुगवून म्हणाला.

ताई खासगी गुप्तहेर. ढम्या तिचा धाकटा भाऊ, मदतनीस आणि घरातला भोंगा. समोर ढम्याचा वादक मित्र डोकं धरून बसला होता. सुटे भाग दोन रांगांत जोडून केलेला त्याचा कपाटाएवढा सिंथेसायझर आठवडाभर मुका होता. मागचा कार्यक्रम बुडाला, आज संध्याकाळी दुसरा.

वादकाने मुख्य बटण दाबलं. दिवे लुकलुकले, विझले. परत लुकलुकले, विझले.

"याचा धाकटा भाऊ कार्यक्रमाआधी मागे हात घालून खालच्या रांगेचं बटण बंद करत होता!" ढम्या म्हणाला. "मी बोंब ठोकली आणि बटण लगेच पुन्हा लावलं. पण यंत्राचा बोऱ्या वाजलाच."

"त्याला मी घराबाहेर काढलं," वादक पुटपुटला.

"खालची रांग कधी घेतलीस?" ताईने वादकाला विचारलं.

"यंदाच. वीज कमी पडेल म्हणाला धाकटा. मी म्हटलं, अक्कल पाजळू नकोस."

ताईने यंत्राच्या विक्रेत्याला फोन लावून वीज कमी पडते का, विचारलं.

"छे हो! यंत्र वाजत असताना वीज पुरून उरते. मोजून दिलंय."

मग धाकट्याला.

"बटण बंद करत होतास?"

"हो. दर वेळी."

"का?"

"आता सांगून काय उपयोग? दादाने हे यंत्र कधी स्वतः चालू केलंय का, विचारा." फोन कट.

"नाही केलं," वादक म्हणाला. "मी येईपर्यंत तोच चालू करून ठेवायचा."

"दर वेळी म्हणाला! कबूल झाला!" ढम्या नाचायचाच बाकी होता.

ताई यंत्रामागे वाकली. सगळीकडे धूळ, एकच छोटं बटण बोटं लागून लागून चकचकीत. तिने ते बंद केलं आणि मुख्य बटण दाबलं. वरचे दिवे लागले, लागलेच राहिले. जरा थांबून तिने छोटं बटण लावलं. खालची रांगही उजळली. यंत्र घुमलं.

"विक्रेता खोटं बोलला नाही," ताई म्हणाली. "वाजताना वीज पुरते. पण सुरू होताना सगळे भाग एकदम विजेचा मोठा घोट घेतात. पुरवठा दमतो, बसतो, पुन्हा उठायला बघतो. म्हणून ते लुकलुकणं. धाकटा आधी वरची रांग उठवायचा, मग खालची. तू ऐकेनास, म्हणून गुपचूप. तुझी चूक झाकत होता रे तो."

"मग त्या दिवशी यंत्र बंद कशाने पडलं?" वादकाने विचारलं.

ताईने फक्त ढम्याकडे पाहिलं.

बटण लगेच पुन्हा लावलं. कुणी? म्हणूनच दोन्ही रांगा एकदम उठायला गेल्या. ढम्याचे कान तापले. यंत्रामागच्या धुळीत तोंड लपवावं, असं त्याला झालं.

वादकाने फोन उचलला, खाली ठेवला. "कोणत्या तोंडाने बोलू?"

"आधी मी," ढम्या म्हणाला. त्याने फोन लावला, घंटी वाजली. "हॅलो?" धाकट्याचा आवाज. आणि भोंग्याच्या घशातून हवासुद्धा निघेना.

"त्या दिवशी तुझी बोंब अख्ख्या सभागृहाला ऐकू गेली होती," ताई हळूच म्हणाली.

ढम्या कसाबसा बोलला. "बटण... मी लावलं होतं. तुझं काही चुकलं नव्हतं. दादा इथेच आहे. मान वर करत नाहीये."

मागे यंत्र घुमत होतं. ते पलीकडे धाकट्यालाही ऐकू गेलं असणार.

"मी येईपर्यंत," धाकटा म्हणाला, "ते बंद करू नका."