चित्रातली मिटलेल्या डोळ्यांची बाई

खोटं वाटलं तर वाटू द्या. पण हे आमच्याच घरात घडलंय. लातूर नवीन जिल्हा झाला त्या साली. पाऊस नव्हता, विहिरी कोरड्या होत्या.

माझ्या धाकट्या बहिणीचं, जगदेवीचं लग्न उदगीरच्या विरूपाक्षशी ठरलं होतं. पोरगा चित्रकार. त्यानं तिला स्वतः काढलेलं चित्र पाठवलं.

ढगात किल्ला. उडणारे मासे. खाली जमिनीच्या पोटातल्या कोनाड्यात मांडी घालून बसलेली बाई. डाव्या तळहातावर इष्टलिंग, पायाशी इभूतीच्या राखेचा ढीग.

शेजारचे भुजंग सर शाळेत चित्रकला शिकवायचे. ते म्हणाले, "मासे म्हणजे पावसाची आस. बाई म्हणजे धरती. पूजा करायलीय."

आमचे वडील, अप्पा, खूश. जगदेवी लाजली.

मला मात्र पटेना.

"अप्पा, पूजेत आपण लिंगावर नजर लावतो. हिचे डोळे तर मिटलेत."

"मग?"

"आपल्या लिंगायतात असं कुणाला बसवतात? मयताला. बसवूनच पुरतात, वर इभूती टाकतात, न्हाई का?"

"शिवगंगे, तुझी जीभ लई चालते."

दुसऱ्या दिवशी झाडायला गेले, तर चित्राखाली फरशीवर... पांढरी राख.

पुसली. पुन्हा पडली.

मग आवाज यायला लागला. चाळणीतून पीठ पडावं तसा... बारीक. जवळ गेलं की बंद.

चित्रातला ढीग मांडीपर्यंत आला. लग्न जवळ आलं तसा गळ्यापर्यंत.

आणि बाईच्या भुवईवर... जगदेवीच्या भुवईवरचा व्रण.

मी अप्पांना हाताला धरून समोर उभं केलं. त्यांनी त्या व्रणावरून बोट फिरवलं. मग उदगीरला माणूस पाठवला. सोयरीक मोडली. जगदेवी किती दिवस माझं तोंड बघत नव्हती.

पण त्याच संध्याकाळी चित्रात... डोळे उघडे. व्रण नाही. ढीग पायाशी. माझा जीव भांड्यात पडला.

उन्हाळ्यात कळलं, विरूपाक्षचं निलंग्याच्या पोरीशी ठरलंय. मी माळ्यावरून चित्र काढलं...

डोळे मिटलेले. चेहरा अनोळखी.

तशीच निलंग्याला गेले. पोरीच्या बापानं सगळं ऐकून घेतलं, चहा पाजला.

"तुमची सोयरीक मोडली म्हणून आमची मोडायला आलात व्हय, बाई?"

लग्न झालं. पोरगी पहिल्या सणालाही माहेरी आली नाही. "बरी हाय," एवढंच सासरचे सांगत राहिले.

इतकी वर्षं झाली. चित्र अजून माझ्याकडं आहे. राख तिच्या डोक्यावरून गेलीय, बाहेर फक्त डावा तळहात दिसतो.

परवा पुसायला काढलं, तर बोटं... हलल्यासारखी वाटली.

अजून जिवंत असेल का हो ती?