थांबा म्हटल्यावर

सकाळचे नऊ वाजले होते आणि दीपा पातेल्याच्या तोंडावर दुहेरी फडकं बांधून वितळवलेल्या बर्फाचं पाणी गाळत बसली होती. कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या घरी नळाचं पाणी गाळायचं, इथं हिमाचलात बर्फाचं, एवढाच काय तो फरक. घरमालक देवीरामची बायको चुलीपाशी बसून हे सगळं बघत होती. आभाळातून आत्ता उतरलेल्या पाण्यात ही बाई कसला जीव शोधते, असा प्रश्न तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होता. पण शेजारीच पद्मावतीबाई बसल्या होत्या, आणि त्यांच्यासमोर गाळण्यावर शंका घ्यायची हिंमत त्यांच्या नवऱ्यालाही तीस वर्षांत झाली नव्हती.

पद्मावतीबाई म्हणजे दीपाच्या सासूबाई. दीपा त्यांना आत्ती म्हणायची. त्यांचा एकुलता एक मुलगा अनेकांत, म्हणजे दीपाचा नवरा, लोकांना डोंगर फिरवून आणायचा धंदा करायचा. पावसाळ्यात पन्हाळा ते पावनखिंड, हिवाळ्यात हिमाचल. ‘आई, मरायच्या आधी एकदा बर्फ बघ की,’ असं म्हणून या जानेवारीत तो आईला आणि बायकोला घेऊन आला. सासरे नेमगोंडा ऊसतोड चालू आहे म्हणून घरी राहिले. आत्तींनी येताना घरचं दळलेलं पीठ, डाळी, पितळी कळशी, चार नारळ आणि बिनलसणाचं भडंग एवढा शिधा घेतला होता. बरोबर आलेल्या सहा गिऱ्हाईक पोरांच्या पिशव्या एकीकडं आणि आत्तींची एक पिशवी एकीकडं, असं गाडीच्या टपावरचं चित्र होतं.

पण त्या सकाळी कुणालाच हसू येत नव्हतं. अनेकांत परत आलेला नव्हता.

तो आणि त्याचा भागीदार आरिफ त्या सहा पोरांना घेऊन वरच्या बर्फात दोन दिवसांसाठी गेले होते. उतरताना अर्ध्या वाटेत एका पोरानं सांगितलं, माझा मोबाईल तंबूच्या जागी राहिला. तुम्ही व्हा पुढं, म्हणून अनेकांत एकटाच मागं वळला आणि अर्ध्या तासात बर्फ पडायला लागलं. आरिफ पोरांना घेऊन खाली पोचला तेव्हा त्याच्या भुवयासुद्धा पांढऱ्या झाल्या होत्या. दारात उभा राहून तो एवढंच म्हणाला होता, “वहिनी, मी थांबाय पायजे हुतं.” गावातली माणसं दोनदा वर जाऊन कमरेएवढ्या बर्फातून परत आली होती. फोन बंद पडले होते. मोबाईलवाला पोरगा कोपऱ्यात तोंड लपवून बसला होता आणि त्याला शिव्या द्यायचंही कुणाच्या जिवावर येत होतं.

आत्ती रडल्या नाहीत. त्यांनी नेम धरला. पोरगं परत येईपर्यंत रोज दहा वाजता आहारासाठी दारात उभं राहायचं.

कोल्हापुरात दिगंबर मुनी आले की आत्ती हातात कळश आणि नारळ घेऊन दारात उभ्या राहायच्याच. मुनी दिवसातून एकदाच जेवतात, तेही उभ्यानं, हाताच्या ओंजळीत. मागत कधीच नाहीत. घरच्यानंच दारातून हाक द्यायची, ‘नमोस्तु महाराज, अत्र तिष्ठ, तिष्ठ’, म्हणजे इथं थांबा, थांबा. तरी ते थांबतीलच असं नाही. निघताना त्यांनी मनात एखादा नियम धरलेला असतो. अमुक दिसलं तरच थांबायचं. कधी नारळ, कधी जोडीनं उभं असलेलं दांपत्य, कधी आणखी काही. तो नियम काय, हे दुसऱ्या कुणालाच माहीत नसतं. जुळला तर थांबतात, नाही तर पुढं जातात.

“आत्ती, इथं या बर्फात कोण महाराज येणार?” दीपानं विचारलं होतं.

“आपुन भाव ठेवायचा. यायचं न यायचं त्यास्नी.”

देवीरामनं आदल्या दिवशीच दीपाला हिंदीत समजावलं होतं, की या गावात डोंगरावरून धुकं उतरलं की ऊन पडेपर्यंत दारं लावून घेतात. उघडायचंच झालं तर उघडा, पण उंबऱ्यातून कुणाला हाक देऊ नका. माणूस असेल तो न बोलावता आत येतो. दीपानं ते आत्तींना सांगितलं. आत्ती म्हणाल्या, त्यांची रीत त्यांच्यापाशी.

तर त्या सकाळी दहा वाजता आत्ती दारात उभ्या राहिल्या. दीपा मागं. बाहेर धुकं इतकं की अंगणातला लाकडांचा ढीगही दिसेना. आत्ती खालच्या आवाजात णमोकार मंत्र म्हणत होत्या, आणि प्रत्येक शब्दाबरोबर त्यांच्या तोंडातून वाफ येत होती.

आणि धुक्यातून कुणीतरी आलं.

सरळ, उंच, अंगावर एक सूत नाही. मान खाली घालून, गुडघाभर बर्फातून, सपाट रस्त्यावरून चालावं तसं. दीपाच्या अंगावर सर्रकन काटा आला. आत्तींचा चेहरा मात्र उजळला. त्यांनी तिथूनच हाक दिली. तो वीसेक पावलांवर थांबला, मान वर केली, दोघींकडं बघितलं आणि पुढं निघून गेला.

“नियम जुळला न्हाय,” आत्ती पुटपुटल्या.

दीपाच्या मनात मात्र वेगळंच चाललं होतं. त्याचे हात रिकामे होते. मोरपिसांची पिंछी नाही, कमंडलू नाही. पिंछीशिवाय मुनी एक पाऊल टाकत नाहीत, हे त्यांच्या घरातलं लहान पोरही सांगेल. तिनं तसं बोलून दाखवलं. आत्ती म्हणाल्या, धुक्यात तुला काय दिसतंय डोंबल. धुकं हटल्यावर दीपा मुद्दाम तिथवर गेली. बर्फ अंथरलेल्या चादरीसारखं सपाट होतं. वरून नवं पडलं असेल, असं तिनं स्वतःला समजावलं. पण वळून बघितलं तर तिच्या स्वतःच्या सकाळच्या पावलांचे खड्डे दारापासून लाकडांपर्यंत तसेच होते.

दुसऱ्या दिवशी आत्तींनी कळशावर नारळ ठेवला, कपाळाला केशर लावलं. तो दहा पावलांवर आला. बर्फाला वास नसतो, पण त्या सकाळी दाराशी ओल्या राखेचा वास आला. देवीरामची बायको भिंतीकडं तोंड करून बसली होती आणि तिनं दोन्ही कान हातांनी झाकले होते. तो परत बघून निघून गेला.

तिसऱ्या सकाळी लवकरच आरिफ आणि देवीराम वर गेले, आणि साडेनऊला देवीरामला वर शोधत ठेवून आरिफ एकटा खाली आला. वाटेत सापडलेली एक लाल लोकरी टोपी त्यानं आत्तींच्या हातात दिली. टोपी अनेकांतची होती. आत्तींनीच विणलेली. मग आरिफनं पोरांच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

दहा वाजता आत्ती दारात उभ्या राहिल्या तेव्हा कळश नव्हता, नारळ नव्हता. एका हातात वरणभाताचं ताट आणि दुसऱ्या हातात टोपी. आणि तीन दिवस अडवून धरलेलं पाणी त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा वाहायला लागलं.

तो आला. या वेळी पायरीपर्यंत आला. त्यानं टोपीकडं बघितलं नाही. ताटाकडंही नाही. आत्तींच्या गालांवरून उतरणाऱ्या पाण्याकडं तो बघत राहिला. मग त्यानं दोन्ही पाय जुळवले, हात पुढं केले आणि सावकाश ओंजळ केली.

“थांबलं बाई…” आत्ती म्हणाल्या. त्या बर्फात उतरल्या आणि रीतीप्रमाणं त्यांनी त्याच्याभोवती तीन फेऱ्या घातल्या. “माझं पोरगं तेवढं परत येऊ द्या महाराज… बाकी काय पायजे ते घ्या.”

“आत्ती… हे महाराज न्हाईत,” दीपा कशीबशी म्हणाली.

“ऊन पाणी आण.”

“आत्ती, आत या.”

“जा म्हटलं न्हवं.”

दीपा गेली. आयुष्यभर ऐकायची सवय, त्यामुळं पाय आपोआप वळले. चुलीवरचं पाणी तांब्यात घेऊन ती आली, त्याला फार तर दोन मिनिटं लागली असतील. आत्ती पायरीवर एकट्या उभ्या होत्या. समोर बर्फात त्यांच्या पावलांचं गोल रिंगण उमटलं होतं, आणि रिंगणाच्या मधलं बर्फ जसंच्या तसं होतं, बोटाएवढाही खड्डा नाही.

“झाला आहार,” आत्ती म्हणाल्या. त्यांनी शालीचा पदर तोंडावर ओढला आणि ताट दीपाच्या हातात दिलं. “कुणाला बोलायचं न्हाय.”

ताटातलं शीतही हललेलं नव्हतं.

दुपारी अनेकांत आला. देवीरामच्या खांद्यावर हात टाकून, पण स्वतःच्या पायांनी. वर मेंढपाळांच्या दगडी खोपट्यात सापडला म्हणे. मधल्या दिवसांतलं त्याला धड काही आठवत नव्हतं. आरिफ त्याच्या गळ्यात पडून लहान पोरासारखा रडला. सगळ्यांची तोंडं मफलरीत आणि शालीत गुंडाळलेली, त्यात रडणं, हसणं, गाडी शोधणं. दुसऱ्या दिवशी ते खाली उतरले.

दीपाच्या मनात किडा वळवळायला लागला तो कोल्हापुरात आल्यावर. एका दुपारी भांडी घासताना तिला एकदम आठवलं, की त्या थंडीत बोलताना सगळ्यांच्या तोंडातून वाफ निघत होती आणि त्या पायरीवरच्या माणसाच्या नाकातोंडासमोर काहीच नव्हतं. मग तिनं आठवायचा प्रयत्न केला, अनेकांत आला तेव्हा वाफ होती का? मफलर होती. काही दिसलं नव्हतं.

झालं. तिथून तिचं सुख गेलं. अनेकांत गप्प गप्प असायचा, तिला वाटायचं, हा तो नाही. त्याच्या बोटांची टोकं गार लागायची. जन्मात दिवस मावळल्यावर न जेवलेला माणूस, एकदा दिवेलागणीनंतर पोळी खाताना तिला दिसला. डॉक्टर म्हणाले, एवढ्यातून वाचलेला माणूस काही दिवस असा वागणारच. दीपाला पटायचं आणि पटायचं नाही. नवऱ्याच्या ताटाकडं, सावलीकडं, झोपलेल्या छातीकडं चोरून बघायचं, ही काय बायकोची रीत झाली? तिला स्वतःची लाज वाटायची. एकदा त्यानं सरळच विचारलं, “मी काय केलंय दीपा? लांब का बसतीस?” ती भांडी उचलून मोरीकडं गेली. कोल्हापूरच्या उन्हात कुणाच्याच तोंडातून वाफ दिसत नाही, ही मोठी पंचाईत होती.

आत्ती मात्र शांत झाल्या होत्या. पोरगं परत आलं म्हणून त्यांनी उपवासामागून उपवास धरले. जेवायला बसवलं की म्हणायच्या, आज माझा हाय. पेठेतल्या बायका त्यांच्या पाया पडायला येऊ लागल्या.

मार्चमध्ये गल्लीत मुनिसंघ आला. गुडघे दुखतात म्हणून आत्ती तीस वर्षांत पहिल्यांदाच आत पाटावर बसून राहिल्या, दारात दीपा आणि अनेकांत जोडीनं उभे राहिले. महाराज उंबऱ्यापर्यंत आले, दोघांच्या खांद्यांवरून आत बघितलं, क्षणभर थांबले आणि मागं वळले. नियम जुळला नसेल, असं सासरे म्हणाले. दीपाला वाटलं, त्यांनी अनेकांतला ओळखलं.

डिसेंबर उजाडायची तिनं किती वाट बघितली, ते तिचं तिलाच माहीत. पहिली कडाक्याची थंडी पडली तशी तिनं गगनबावड्याचा हट्ट धरला. आरिफनं गाडी काढली, आत्तीही बरोबर निघाल्या. सकाळी सातला ते घाटमाथ्यावर उतरले, आत्ती तेवढ्या गाडीतच बसून राहिल्या. दरीतून धुकं वर येत होतं आणि बोटं बधिर होत होती. अनेकांतनं मफलर गुंडाळलेली होती.

“काढा ती,” दीपा म्हणाली.

“गारठा हाय की.”

“काढा म्हणते न्हवं.”

त्यानं मफलर काढली आणि तो हसला. वैतागून, पण हसला. आणि त्याच्या तोंडातून चहाच्या किटलीसारखा वाफेचा लोट निघाला. पांढरा, ऊबदार, भरपूर. दीपानं पुढं होऊन त्या वाफेत हात धरला. अकरा महिन्यांचा दगड छातीवरून उतरला. हा तिचाच माणूस होता, आणि तिनं त्याला वर्षभर परक्यासारखं वागवलं होतं. तिला रडू कोसळलं. अनेकांत गोंधळून बघत राहिला, मग चहा आणतो म्हणून आरिफबरोबर टपरीकडं गेला.

मागं गाडीचं दार वाजलं. आत्ती उतरल्या होत्या.

“अगं दीपा, रडतीस कशाला? बघितलंस न्हवं, त्यो चांगला हाय. मी तर सांगत हुते तुला पयल्यापास्नं…”

एवढं लांबलचक बोलल्या, पण त्यांच्या ओठांसमोरची हवा स्वच्छ होती. मागची दरी, कठडा, सगळं स्पष्ट दिसत होतं.

दीपा एक पाऊल मागं सरकली. ओल्या राखेचा वास आला. आत्ती बोलायच्या थांबल्या होत्या. त्या तिच्या डोळ्यांकडं बघत नव्हत्या. गालांवरून उतरणाऱ्या पाण्याकडं बघत होत्या.

दीपानं दोन्ही तळव्यांनी गाल पुसले. परत पुसले. पाणी थांबेना.

समोर आत्तींनी दोन्ही पाय जुळवले आणि सावकाश ओंजळ पुढं केली.