चौथ्या स्लॅबवरचं पाणी

नारायण पेठेतली जागा विकून आम्ही मांजरीला फ्लॅट घेतला तेव्हा ह्यांनी सगळ्या नातेवाइकांना सांगितलं होतं, समोर उसाचं शेत आहे. तीन वर्षं ते होतंही. मग एका दिवाळीनंतर ऊस तुटला तो पुन्हा लागला नाही आणि तिथे खड्डा खणायला सुरुवात झाली. "शेतच म्हणायचं," हे म्हणाले, "आता सिमेंटचं पीक घेतायत."

पुढे जे घडलं त्याच्या तारखा मी तेव्हाच स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर टिपल्या होत्या. त्या समोर ठेवूनच लिहिते आहे.

आधी माझ्या नेमाबद्दल सांगायला हवं. बारा वर्षांपूर्वी ह्यांच्या फुप्फुसाचा एक तुकडा काढावा लागला. ऑपरेशन चालू असताना बाहेरच्या बाकावर बसून मी बोलले होते, हे उठून घरी आले तर मी रोज सकाळी मौन धरीन. हे घरी आले. तेव्हापासून पहाटे पाचला जाग आल्यापासून तुळशीची प्रदक्षिणा, पोथीचा अध्याय आणि नैवेद्य होईपर्यंत मी शब्द उच्चारत नाही. साधारण नऊ वाजतात. आमच्या गॅलरीत तुळशीभोवती फिरायला जागा नाही, म्हणून कुंडीसमोर उभी राहून मी स्वतःभोवतीच सावकाश एकवीस वेळा फिरते. प्रत्येक फेऱ्यात समोरची इमारत एकदा डोळ्यांपुढून जायची.

तिथे काम करणाऱ्यांत मैना आणि मच्छिंद्र होते. उदगीरकडचे. मागच्या बाजूला पत्र्याच्या खोल्या होत्या, त्यांतली शेवटची या नवरा-बायकोची. इमारत जशी वर आली तशी मैना माझ्या गॅलरीच्या समोर आली, मधे फार तर वीस फूट. एकदा अकराच्या सुमाराला तिने पलीकडून विचारलं, "बाई, तुमी सकाळच्याला बोलत का न्हाई ओ? सायबासंगं भांडान झालंय का?"

मी हसले आणि तिला नेमाचं सांगितलं. ती हसली नाही. डोक्यावरची चुंबळ सारखी करत म्हणाली, "मालकासाठी हाय व्हय. मंग बोलू नगा. म्या बी न्हाई हाक मारायची."

ह्यांनी त्या दोघांसाठी बांधकाम कामगारांच्या मंडळाचा अर्जही भरून दिला होता. नोंदणी झाली की दवाखान्याला, लेकरांच्या शाळेला मदत मिळते. सगळी कागदपत्रं जमली, एकच अडलं. वर्षात नव्वद दिवस काम केल्याचा दाखला मुकादमाने सही करून द्यायचा होता. मच्छिंद्र एकोणीस वर्षं पुण्यात इमारती बांधत होता. मुकादम रोज म्हणायचा, उद्या देतो.

चौथा स्लॅब ओतला तो शनिवार, २१ मार्च २०२०. दिवसभर मिक्सर घरघरत होता. सोमवारपासून माणसं पाठीवर बोचकी घेऊन निघाली, आणि पाडव्याच्या दिवशी मी गॅलरीत गुढी उभारली तेव्हा समोर कोणी नव्हतं. फक्त स्लॅबवर सिमेंटचे बुटके बांध घालून केलेल्या वाफ्यांत पाणी होतं आणि रबरी पाइप हातात धरून हिरव्या लुगड्यातली मैना उभी होती.

"तुम्ही नाही गेलात?" मी नऊनंतर विचारलं.

"पानी कुनी मारायचं? नवा स्लॅब हाय. वाळला की तडकतो. मुकादम म्हनला, ऱ्हावा दोगं, किराना धाडतो."

किराणा एकदाच आला. मदत वाटणारी मुलं येऊन गेली, नोंदणी आहे का विचारून पुढे गेली. मी आमचे वॉचमन गेनबा यांच्या हाती पोळी-भाजी पाठवू लागले. आमच्या सोसायटीने गेट बंद केलं होतं, आतलं कोणी बाहेर नाही, बाहेरचं कोणी आत नाही. गेनबा डबा भिंतीवर ठेवायचे, मैना तो घासून, उपडा करून परत तिथेच ठेवायची.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मच्छिंद्र दिसेनासा झाला. "कनकन हाय," ती म्हणाली.

१६ एप्रिल, गुरुवार. सकाळचे साडेसात झाले होते. माझा सातवा फेरा चालू होता.

"बाई."

मी फिरत होते. तोंड घराकडे होतं.

"बाई, म्या हाक मारनार नव्हते. पर मालकाला दम लागलाय. ओठ काळं पडल्यात. माझ्या फोनमदी काय बी न्हाई. गाडीला फोन करा की ओ."

मी वळले तेव्हा ती स्लॅबच्या अगदी काठावर उभी होती. चार मजले चढून आली होती, छाती धपापत होती. मी हात वर करून तिला थांबायची खूण केली. तिने मान हलवली. तिला कळलं होतं.

ह्यांना उठवायचं मला सुचलं नाही, असं मी सगळ्यांना सांगत आले. ते खरं नाही. सुचलं होतं. दार ढकलून खांद्याला हात लावला असता की झालं असतं. पण हे उठते तर नुसता फोन करून थांबले नसते. पायांत चपला अडकवून खाली गेले असते, त्या खोलीत शिरले असते. त्यांच्या छातीवरचा टाक्यांचा व्रण माझ्या डोळ्यांपुढे आला. मी आठवा फेरा सुरू केला.

नवव्या फेऱ्याला ती तिथेच होती. बाराव्याला पण. पंधराव्याला ती पाइप घेऊन पाणी मारत होती, बहुधा हातांना काही तरी हवं होतं म्हणून. एकविसाव्याला स्लॅबवर कोणी नव्हतं. मी आत जाऊन पोथी उघडली. अध्याय मोठा होता. एक ओळही गाळली नाही.

नऊला पाच कमी असताना मी फोन केला. गाडी साडेअकराला आली. पांढऱ्या पोशाखातल्या दोघांनी मच्छिंद्रला स्ट्रेचरवर घेतलं आणि मैनालाही गाडीत बसवलं. बसताना तिने वर पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्लॅबचे वाफे काठोकाठ भरलेले होते.

मुकादमाने दुसरं माणूस ठेवलं असेल, असं मी धरून चालले. एप्रिलचं ऊन होतं, आमच्या गॅलरीतली ओली फरशी मिनिटात वाळत होती, तेव्हा रोज कोणी तरी पाणी मारत असणारच. साडेसातला आवाज यायचा. पाइपच्या तोंडाशी अंगठा दाबला की पाणी फुटतं, तसा. फिरताना मला ती दिसायची, डोक्याला पदर गुंडाळलेली, पाठमोरी. हिरवं लुगडं होतं. बायका पुष्कळदा हिरवं नेसतात.

शुक्रवारी, २४ तारखेला, मी गेनबांच्या हातात डबा दिला.

"कुनाला देऊ ताई?"

"समोर पाणी मारायला येते तिला. नवीन आहे, तिचंही कोणी नसेल इथे."

गेनबांनी डबा घेतला नाही. मास्क वर ओढला. "तिथं कोन बी न्हाई. बोअरची मोटार मुकादमानं काढून नेली, त्याला आठ दिस झालं. पानी कुठनं येनार?"

"अहो, मी रोज बघते."

"ताई, तुमास्नी सांगायचं ऱ्हाऊन गेलं." ते भिंतीकडे बघत बोलत होते. "त्यो मच्छिंद्र गाडीतच गेला. अन् बाई पाचव्या दिशी. मुकादमाचा फोन आलता. गावाकडनं कुनाला येताच आलं न्हाई. तिकडंच समदं उरकलं."

मी वर आले. हे वर्तमानपत्र वाचत होते. मी काही बोलले नाही तेव्हा म्हणाले, "दुपारचंही मौन सुरू केलंस की काय?" मग माझ्या चेहऱ्याकडे पाहून त्यांनी चष्मा काढला.

मी त्यांना सगळं सांगितलं. उठवायचं सुचलं होतं, तेही. त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली. "मी गेलो असतो," एवढंच म्हणाले.

मग त्यांना गॅलरीत नेलं. ऊन रणरणत होतं. "पाणी दिसतंय का?"

"दिसतंय," हे म्हणाले. "आभाळ दिसतंय त्यात."

रविवारी अक्षय्य तृतीया होती. त्या दिवशी गेलेल्यांच्या नावाने पाण्याचा घट द्यायचा असतो. घ्यायला येणार कोण? मी तांब्या भरून तुळशीपाशी ठेवला आणि फिरायला लागले. ह्यांच्या आई-वडिलांची नावं मनात घेतली, माझ्या आई-वडिलांची घेतली. पुढची दोन नावं घ्यायला मन धजेना.

पहिल्या फेऱ्याला ती स्लॅबच्या पलीकडच्या कोपऱ्यात होती, पाठमोरी.

चौथ्या फेऱ्याला मधल्या वाफ्यात. घोट्यापर्यंत पाण्यात उभी. पाणी हलत नव्हतं.

सहाव्याला अलीकडे.

सातव्या फेऱ्याला मी घराकडे तोंड करून होते आणि पाइपचा आवाज बंद झाला.

मी वळले. ती काठावर उभी होती, तोंड माझ्याकडे. छाती धपापत होती. माझं आटोपायची वाट बघत होती.

बारा वर्षांत जे केलं नव्हतं ते केलं. मी बोलले.

"मैना, फोन करते. आत्ता करते गं."

माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. मी आत धावले. दिव्याला हात लागून तो कलंडला. फोन लावला, पत्ता सांगितला. पत्र्याची शेवटची खोली, मच्छिंद्र, श्वास लागलाय, ओठ काळे पडलेत. हे दारात येऊन उभे राहिले. त्यांनी मला थांबवलं नाही. फोनवरची मुलगी म्हणाली, गाडी जवळच आहे, दहा मिनिटं.

आठच मिनिटांत आली.

दोघेजण रिकामं स्ट्रेचर घेऊन मागे गेले. मी आणि हे कठड्याला धरून उभे होतो. गेनबा गेटवरून बघत होते.

ते दोघे बाहेर आले तेव्हा सावकाश चालत होते. गुडघ्यांत वाकून, पावलाला पाऊल मिळवत. पुढचा म्हणाला, "हळू, डोकं सांभाळ." स्ट्रेचरवर नुसती चादर होती. दांड्याशी त्यांच्या हातांच्या शिरा ताणलेल्या दिसत होत्या.

त्यांनी स्ट्रेचर आत सरकवलं. एक जण दार धरून थांबला, कोणी चढत असताना थांबतात तेवढा वेळ. मग दार लावलं.

गाडी गेल्यावर गेनबांनी वर पाहून विचारलं, "ताई, कुनाला नेलं ओ?"

दुपारी बारापर्यंत स्लॅब वाळून पांढरा पडला. त्यानंतर मी तिथे पाणी पाहिलं नाही.

मला भीती होती ती ह्यांच्या जिवाची. नेम मोडला होता. रात्रंदिवस मी त्यांच्या कपाळाला हात लावून बघत होते, श्वास मोजत होते. एक दिवस गेला, दोन, चार. साधी शिंकही आली नाही. चौथ्या दिवशी सकाळी ते नेहमीसारखे चहात पोळी बुडवून खात बसले होते आणि मी त्यांच्याकडे बघत स्वयंपाकघरात खाली बसले. ते बरे होते. मी सोळा तारखेला बोलले असते तरी हे बरे राहिले असते. ह्यांनी पुढ्यातली बशी बाजूला सारली, माझ्याजवळ येऊन बसले आणि पाठीवर हात फिरवत राहिले.

पाचव्या दिवशी, गुरुवारी, संध्याकाळी अनोळखी नंबरवरून फोन आला. मागे माणसांची वर्दळ ऐकू येत होती, भांड्यांचा आवाज, कोणी तरी खोकत होतं.

"मच्छिंद्र यांच्यासाठी तुम्हीच गाडी बोलावली होती ना?" नर्सचा आवाज दमलेला होता. "ते बरे आहेत आता. ऑक्सिजन काढलाय. सकाळी सोडतोय दोघांना. न्यायला कोण येणार?"

"मी," मी म्हटलं. "मी येते. किती वाजता येऊ? पहाटे येऊ का?"

"थांबा हं, त्या बाई काही तरी सांगतायत." तिने फोन तोंडापासून दूर धरला असावा. मला लांबून बोलणं ऐकू आलं, शब्द कळले नाहीत. मग ती परत आली.

"घाई करू नका म्हणतायत. देवाचं सगळं आटोपलं की या. त्या थांबतील म्हणाल्या."