नऊ नंबरची चूल

"बाई, तुमच्या चुलीवर एवढी खळ शिजवून मिळेल का?"

असा प्रश्न घेऊन कोणी दाराशी उभं राहील, असं लीलाच्या स्वप्नातही आलं नसतं. बाहेर मार्गशीर्षातलं मावठ भुरभुरत होतं. उंबऱ्यापलीकडे एक किडकिडीत तरुण… चष्म्याच्या काचांवर थेंब, बगलेत कागदांची गुंडाळी, हातात मैद्याचा पुडा.

"खळ? कशाला?"

"नोटिसा चिकटवायच्या आहेत. ऑफिसातून आणली ती पावसानं पातळ झाली."

"कसल्या नोटिसा?"

त्यानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग हळूच म्हणाला, "…या खोल्या खाली करण्याच्या."

लीलाला हसू आवरेना. "म्हणजे काढायचं आम्हाला, आणि खळही आम्हीच शिजवायची?"

"पाणीपण तुमचंच लागेल," तो ओशाळून म्हणाला.

खरं तर ते घर तरी तिचं कुठं होतं! त्याच सकाळी कुलूप मोडून ती आणि तिची विधवा आई मथुराबाई आत आल्या होत्या. बुऱ्हाणपूरच्या लालबागेत कापसाच्या जिनवाल्या शेठच्या मजुरांसाठी बांधलेल्या बावीस खोल्यांची ती ओळ. कारखाना बंद पडला, मजूर पांगले, शेठ मुंबईला गेला, आणि खोल्यांना दहा वर्षं कुलपं. आत वटवाघळं नांदत होती. आणि तापीच्या पुरात घरं वाहून गेलेली माणसं धर्मशाळेच्या ओसरीवर लेकराबाळांसह दिवस काढत होती. हातमागावर बसणाऱ्या म्हाताऱ्या देवरामदादानं त्यांची समिती बांधली. अर्ज केले, विनवण्या केल्या, आणि शेवटी एका सकाळी बावीस कुटुंबांनी बावीस कुलपं मोडली. लीलाच्या वाट्याला नऊ नंबर आला.

ती केस एका खांद्यावर घेऊन चुलीपुढे वाकून फुंकर घालू लागली. तो दारातच अवघडून उभा होता.

"काय लिहिलंय तुमच्या नोटिशीत?"

"‘यह मकान खाली है. इसमें कोई न रहे.’"

"खाली आहे? मग मी कोण? भूत?"

"भुताला मी भितो," तो म्हणाला. मग जरा थांबून, "पण तुम्हाला… जास्त."

खळ झाली. लीलानं वाटी पुढे केली, पण सोडली नाही. "खळ माझी, तर जागाही मी सांगेन. त्या खिडकीची काच फुटलीय. तिथं लावा."

त्यानं सरकारी नोटीस मुकाट्यानं फुटक्या काचेवर लावली. वारा थांबला. मथुराबाईनं कपाळावर हात मारला, "नव्या घरी पहिल्या चुलीवर गोड करतात व माय! हिनं सरकारचा डिंक शिजवला!"

त्याचं नाव प्रभाकर. वर्ध्याकडच्या आर्वीचा. तहसिलीत नवा कारकून, शनवारा भागात भाड्याच्या खोलीत राहणारा. नोटिसा लावून झाल्या तरी त्याचं काम काही संपेना. कधी दारांची मोजणी, कधी छपरावरच्या कवेलूंची. कवेलू मोजायला नऊ नंबरच्या ओसरीवर बसून चहा का लागतो, हे त्याला कोणी विचारलं नाही, आणि त्यानंही सांगितलं नाही.

इकडे माणसं राबत होती. गाळानं भरलेली विहीर उपसली, भिंतींना पोतेरं केलं, दारोदार तुळस लावली. बावीस गंजकी कुलपं दोरीत ओवून माळ केली आणि ती घेऊन सगळे तहसिलीवर गेले. लीला पुढे होती. "कुलपाला घर, माणसाला ओसरी, हा कुठला न्याय?" ती ओरडे, आणि मागून दीडशे गळे साथ देत.

दुसऱ्या दिवशी प्रभाकर आला. "काल आवाज बसला तुमचा."

"ऐकत होतात?"

"नोंद करत होतो. सरकारी काम."

"मग नोंदीत काय लिहिलं?"

"‘आंदोलक महिलेच्या केसांत अबोली होती,’ असं लिहिलं. साहेबांनी खोडायला लावलं."

"चला… खोटारडे!" ती म्हणाली, आणि तोंड फिरवून चुलीत उगाच एक काडी सारली. चूल चांगली धडधडत होती.

असा माघ गेला, फाल्गुन आला. होळीच्या सुमारास वरून हुकूम निघाला. शेठची तक्रार होती, की लोक तिथं राहत नाहीत, ताबा दाखवायला नुसती मडकी मांडून ठेवलीत. म्हणून पंचनामा होणार. ज्या घराची चूल पेटलेली दिसेल, ते राहतं घर. त्याला रीतसर भाड्याची चिठ्ठी. ज्याची चूल थंड, त्याला सील. तारीख कोणालाही कळता कामा नये.

एवढं साऱ्या लालबागेला कळलं होतं. कळलं नव्हतं ते एकच. तारीख नेमायचं काम साहेबांनी प्रभाकरवरच टाकलं होतं.

त्यानं आपल्या परीनं सगळं जुळवलं. होळीनंतरचा सोमवार, सकाळी आठ. त्या वेळी कुठल्या घरात भाकरी नसते! एकूण एक चूल पेटलेली सापडेल. तरी जीव राहवेना, म्हणून शुक्रवारी संध्याकाळी तो नऊ नंबरपाशी घुटमळला.

"सोमवारी सकाळी आठला तुमच्या चुलीवर काय असतं हो?"

लीला चमकली. सोमवारी तर शीतळा सातम!

बुऱ्हाणपुरात होळीनंतरची सातम म्हणजे चुलीच्या विसाव्याचा दिवस. आदल्या दिवशीच पुऱ्या आणि गोड भात करून ठेवायचा. सातमीला चूल सारवायची, हळदकुंकू वाहायचं, आणि दिवसभर विस्तव म्हणून पेटवायचा नाही. मथुराबाईचं व्रत तर फारच कडक. लीला पाच वर्षांची असताना तिला देवी आल्या होत्या, वैद्यानं हात टेकले होते. तेव्हा मथुराबाई पदर पसरून बोलली होती, ‘माझी पोर राख, या दिवशी माझ्या घरात काडी ओढणार नाही.’

आर्वीकडे ही सातम श्रावणात. प्रभाकरला कुठून माहीत असणार?

आणि लीलाला वाटलं, हा न्याहारीला यायचं म्हणतोय. मनात गुदगुल्या झाल्या. येईल गरम भाकरीच्या आशेनं, आणि पुढ्यात येईल शिळा भात नि दही! कसं तोंड करील…

"या ना," ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली. "आल्यावर दिसेलच."

"गरम असेल ना पण?"

"ते आत्ताच कसं सांगू? गंमत जाईल!"

तो निश्चिंत होऊन गेला. एक शब्द, ‘सातम आहे,’ एवढं बोलायचं होतं. तेवढं बोलायला किती वेळ लागतो? पुढे आयुष्यभर ती हेच मोजत राहिली.

सोमवारी आठ वाजता नायब साहेब, शेठचा मुनीम, दोन शिपाई आणि हातात कागद घेतलेला प्रभाकर ओळीत शिरले. एक नंबर, चूल थंड. दोन नंबर, थंड. तीन… चार… मुनीम मिशीत हसू लागला. प्रभाकरचा चेहरा पांढरा पडत गेला. नऊ नंबरच्या दारात लीला दह्याची वाटी घेऊन उभी होती. माणसं दिसली आणि तिला कळलं, तो न्याहारीला नव्हे, पंचनाम्याला येणार होता.

देवरामदादा धावत आला. "बायांनो, पेटवा चुली! देवी माफ करील!"

"मी नाही पेटवायची," मथुराबाई चुलीपुढे बसली. "तिनं मला पोर दिलीय, दादा. घर काय, पुन्हा ओसरीवर राहीन."

लीलानं काड्यापेटी उचलली. एकीकडे आईचा शब्द, दुसरीकडे बावीस घरं.

"राहू द्या," प्रभाकर म्हणाला. इतका हळू, की फक्त तिलाच ऐकू यावं. मग साहेबांकडे वळून मोठ्यानं, "साहेब, चूल सारवलेली आहे, पुजलेली आहे. रिकाम्या घरात चूल कोण पुजतं?"

"आदेश में ‘जलता चूल्हा’ लिखा है," मुनीम फुत्कारला.

साहेबांनी वाकून ते हळदकुंकू पाहिलं. ‘लिखो,’ एवढंच म्हणाले. प्रभाकरनं बावीस वेळा लिहिलं, ‘चूल्हा आज व्रत के कारण ठंडा, पूजित. परिवार निवास करता है.’ लीलाच्या हातातली वाटी तशीच राहिली. तो दही न खाताच गेला.

मुनीम काही कच्च्या गुरूचा चेला नव्हता. आठवड्यात त्याचा अर्ज पडला. कारकुनाचं नऊ नंबरच्या मुलीशी सूत जुळलंय, तिच्यासाठी त्यानं खोटा पंचनामा केला. चौकशी लागली. संबंध सिद्ध झाला, तर सगळेच्या सगळे पंचनामे रद्द.

संध्याकाळी देवरामदादा ओसरीवर येऊन बसला. मग म्हणाला, "पोरी… तुला काय सांगू? बावीस घरं आहेत." आणि डोळे पुसत उठून गेला.

चौकशीत तिला ईश्वराची शपथ दिली. "इस बाबू को पहचानती हो?"

"ऑफिसात पाहिलंय. ओळख नाही."

"कोई नाता? कोई बात?"

"नाही."

मग त्याला विचारलं. तो टेबलाकडे बघत "जी नहीं" म्हणाला.

देवीचं व्रत राखलं, आणि जिभेचं मोडलं. लीला त्या दिवसापासून दर सोमवारी निर्जळी करू लागली. देवाला सगळं ठाऊक असतं हो, पण त्याच्यापुढे आपणच बोललेलं खोटं आपल्यालाच ऐकू येत राहतं, त्याचं काय करायचं?

निकाल लागेपर्यंत दोघांना एकमेकांकडे बघायचीही चोरी होती. मुनिमाची माणसं डोळ्यांत तेल घालून बसलेली. एकदाच, पावसाळ्यात, बाजारात केळीच्या गाडीअलीकडे ती आणि पलीकडे तो. घडांमधून त्याचा आवाज आला.

"माफ करा. दिवस मीच निवडला होता…"

"चूक माझी. मी सांगितलं असतं तर—"

"तुम्ही हसत होता. मला वाटलं, सगळं ठीक आहे."

गाडी पुढे सरकली. मध्ये आडोसा उरला नाही, तशी दोघं दोन दिशांना चालू लागली.

निकाल लोकांच्या बाजूनं लागला. बावीस घरांना चिठ्ठ्या मिळणार! लालबागेत गुलाल उधळला गेला. पण शेठनं वरती अपील केलं होतं, ते वर्षानुवर्षं चालणार होतं. तेव्हा ती ‘ओळख नाही’ जन्मभर सांभाळायची होती. त्यातच राज्यांची नवी वाटणी झाली. आर्वी, वर्धा, नागपूर मुंबई राज्यात. बुऱ्हाणपूर मध्य प्रदेशात. कारकुनांच्याही याद्या लागल्या, आणि प्रभाकरचं नाव पलीकडच्या यादीत निघालं.

ऑक्टोबर सरता सरता, दिवाळी तोंडावर आली असताना, तो शेवटचं काम करायला आला. चिठ्ठ्यांचे फॉर्म भरायचे होते. ओळीच्या टोकाला टेबल मांडलं होतं आणि शेजारी मुनीम पान चघळत उभा होता. नऊ नंबरची हाक आली. मथुराबाईला लिहिता येत नव्हतं, म्हणून घर लीलाच्या नावावर होत होतं.

"नाव?" त्यानं मान खाली घालूनच विचारलं.

"…लीला."

"घरात माणसं किती?"

"दोन."

टाक थांबला. "पुढे आणखी कोणी… येणार आहे?"

मुनिमानं पानाची पिंक टाकली आणि वळून पाहिलं. लीलाच्या ओठांपर्यंत काय काय आलं! आणि ओळीतल्या बावीस चुलींचा धूर तिच्या डोळ्यांपुढून गेला.

"नाही," ती म्हणाली.

त्यानं ‘दोन’ लिहिलं. खाली आणखी एक रकाना होता. तो त्यानं न विचारता, वर न पाहता भरला, कागद तिच्याकडे सरकवला. "वाचून सही करा."

तिनं वाचलं. ‘ओळखीची खूण: डाव्या कानामागे तीळ.’

मुनीम आकडे तेवढे बघत होता. लीलानं सही केली. शाई वाळेपर्यंत तो कागदावर हात धरून बसला, मग उठला, पुढच्या घराला हाक मारली. संध्याकाळच्या गाडीनं तो गेला म्हणे.

लीला घरी आली. आरसा घेऊन बराच वेळ मान वळवत राहिली, पण स्वतःच्या कानामागचं स्वतःला कधी दिसलंय?

"आई, बघ गं… माझ्या डाव्या कानामागं तीळ आहे का?"

मथुराबाईनं केस बाजूला केले. "आहे की. जन्मापासून आहे. पण केसांत झाकलेला… तुला कोणी सांगितलं?"

लीला चुलीकडे तोंड करून बसली.

"सरकारी कागदात लिहिलंय," ती म्हणाली.