आठच्या गोळीचा आवाज

लातुरात औसा रोडवरच्या दोन खोल्यांच्या घरात रोज सकाळी आठ वाजता संगणक विचारत असे, "पप्पा, गोळी घेतली का?"

आवाज धम्मप्रियाचा होता. नांदेडला इंजिनिअरिंग करताना तिने वडिलांच्या रक्तदाबाच्या गोळीसाठी हा छोटा प्रोग्राम लिहिला आणि त्याला एक वर्षाची मुदत घातली. मुदत वाढवायला शब्द लागणार होता, आणि तो फोन करून तिला विचारायचा होता. "तुम्ही आपणहून कधी फोन करता का? मग घ्या आता," ती म्हणाली होती.

चाकूरजवळच्या ज्या अपघातात ती गेली, त्याला सात महिने झाले होते. मुदतीला चार दिवस उरले होते.

तिचे वडील अश्वजित सर पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक. तिचा आवाज त्यांनी मोबाइलवर टिपून ठेवला होता; पण टिपलेला आवाज आपण लावावा लागतो. हा आपणहून विचारत असे.

म्हणून तो शब्द शोधायला त्यांनी एका परदेशी हेरखात्याने सर्वांसाठी फुकट खुले केलेले साधन उतरवून घेतले. तयार प्रोग्राम उलगडून आतली रचना दाखवणारे. त्या साधनाचा मूळ कोड कुणालाही तपासता येत होता. सरांनी जमेल तेवढा तपासला. सगळा तपासणे एका माणसाच्या आवाक्यातले नव्हते, म्हणून इंटरनेटची वायर काढून कपाटात ठेवली.

धम्मप्रियाच्या प्रोग्राममधला, मुदतीच्या कुलपाचा भाग अर्ध्या तासात सापडला. त्यात टाकलेल्या शब्दाची कशाशी तुलनाच नव्हती. कोणताही शब्द टाका, मुदत वाढणार होती.

त्या भागाच्या वर एक ओळ होती: "काहीही चालतं. पप्पांनी फोन करावा, एवढंच."

सरांनी चष्मा पुसला. प्रोग्राम तयार होताना लिहिणाऱ्याच्या टिपा गळून पडतात. मागे काही उरत नाही. हे ते स्वतः वर्गात शिकवत.

दुपारी ते फाइल घेऊन मोबाइल दुरुस्त करणाऱ्या अजीजच्या दुकानात गेले. तिथल्या संगणकावर तेच साधन, तीच फाइल. ओळ नव्हती.

"हेरखात्याचं, अन् फुकट?" अजीज म्हणाला. "सर, माझ्याकडची मोबाइलवरची फुकट काच लावून घ्यायलाबी लोक लई भितेत. ते लोक ऐकून राहिलेत तुमचं."

"वायर काढलेली आहे, अजीज."

"मग ओळ कुठून आली?"

अजीजने चहा पुढे केला. "पोरगी तुमच्यापेक्षा हुशार होती सर," तो हळूच म्हणाला, आणि पुन्हा कामाला लागला.

घरी आल्यावर त्यांनी तोच भाग उघडला. पहिल्या ओळीखाली दुसरी होती.

"अजीज चाचांना कशाला दाखवलंत?"

त्यांनी कपाट उघडले. वायर होती तिथेच होती.

आयुष्यभर त्यांनी मुलांना सांगितले होते की विश्वास ठेवू नका, मोजा. आज पहिल्यांदा त्यांना वाटले, अजीजचे खरे असावे. कुणीतरी चोरून ऐकत असावे, वर्षानुवर्षे. ऐकणारे साठवून ठेवतात. मग तिचे हसणे कुठेतरी असेल. आपण न उचललेल्या फोनांनंतर ती स्वतःशी काय पुटपुटली, तेही असेल.

"ऐकत असाल," ते रिकाम्या खोलीत मोठ्याने म्हणाले, "तर तिचं आणखी काहीतरी द्या मला. काहीही."

पडद्यावर काही हलले नाही.

बऱ्याच वेळाने त्यांनी कुलपाच्या चौकटीत शब्द टाकला: "हॅलो".

मुदत वाढली.

दुसऱ्या दिवशी आठ वाजता ते हातात गोळी घेऊन बसले होते.

"पप्पा, गोळी घेतली का?"

आज आवाज वेगळा वाटला, म्हणून त्यांनी मोबाइलवर टिपलेला लावून पाहिला. खणखणीत, नेहमीचा. मग प्रोग्राममधली ध्वनीची फाइल तपासली. आकार तोच, तारीख मागच्या वर्षीची.

ती फाइल पुन्हा ऐकली.

शब्द तेच होते. पण ती कुजबुजत होती. तिच्या शेजारी बसून ऐकणाऱ्या कुणाला कळू नये, अशा बेताने.