त्यात हायस्कूल नाहीच!

अलेक्सांडरप्लाट्झच्या भुयारी रेल्वेच्या, यू-बानच्या, स्टेशनात ते पोस्टर दिसलं आणि माझ्या तोंडून निघालंच, “गाढव कुठले! हायस्कूल कुठून आणलं?”

“मी आणलं...” शेजारून कुणीतरी म्हणालं. चक्क मराठीत!

ओला रेनकोट, चष्म्यावर थेंब, ओशाळं हसू.

ती ॲनिमे मालिका जपानीतून जर्मनमध्ये मी आणली होती. बाराही भागांची सबटायटल्स माझी. बेटावरची एक होडीवाली, एक विधुर डॉक्टर, आणि ओठांवर न आलेलं प्रेम. मूळ नावाचा अर्थ ‘भरतीची वाट बघताना’. मी तेच सुचवलं होतं. आणि पोस्टरवर काय? ‘हार्ट-क्रॅश हायस्कूल’!

“तुम्ही मार्केटिंगचे?”

“गेनाऊ, बरोबर. मी अनय. आई साताऱ्याची, बाबा इथले, म्हणून माझं मराठी जरा—”

“मराठी छान आहे. नाव भयंकर आहे!”

तो समजावू लागला. फोनच्या पडद्यावर लांब नाव मावत नाही, लोक शाळेच्या गोष्टीच शोधतात, निर्मात्यांनीही होकार दिला...

“मालिका पाहिलीत?”

“...ट्रेलर.”

“फक्त ट्रेलर?” माझी गाडी आली, गेली. मी भांडतच होते. शेवटी रागारागात त्याला नंबर दिला. “बारा भाग बघा. मग बोला!”

रविवारी दुपारी फोन आला. आवाज भिजलेला.

“देवश्री... नवव्या भागात तो धक्क्यावर येतो, आणि ती होडी सोडतच नाही...”

“मग? कुठे आहे हायस्कूल?”

“नाहीच. चुकलो मी.”

पुढचे दोन आठवडे तो बॉसशी भांडला. जपानला पत्र लिहिलं. रोज संध्याकाळी मला फोनवर हकिकत सांगायचा. ‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं, कळलंच नाही.

शुक्रवारी श्प्रे नदीकाठी भेटला तेव्हा चेहरा पडला होता.

“हरलो. खाली बारीक अक्षरांत तू सुचवलेलं नाव टाकतायत. बस.”

“बारीक अक्षरांत? लाज नाही वाटत त्यांना?”

“सोमवारी पुन्हा भांडतो. पण देवश्री... हे मिटलं, तरी मला तुझा फोन हवाय. रोज. तू आवडतेस मला.”

मी अजून संतापलेलीच होते. गाल मात्र तापले ते वेगळ्याच कारणाने.

“मलाही... तू,” मी म्हटलं.

तो हळूच हसला. “आल्झो... आता आपल्या या गोष्टीला काय म्हणायचं?”

“खबरदार! तू नाव ठेवायचं नाहीस!”

आणि त्याचा गारठलेला हात मी घट्ट धरला.