लगोरीचा सातवा दगड

खतीजाबीने शिलाई मशीनचं चाक हाताने थांबवलं आणि चष्म्यावरून करुणाकडे पाहिलं.

"लाळेऱ्याला खिसा? काहून गं? तो दगडाचा पुतळा काय रुमाल ठेवणार हाय का त्यात?"

"लाव ना खाला. एवढाच." करुणाने अंगठा आणि बोट जोडून गोल करून दाखवला.

"बघ बाई. चाळीस वर्षं झाली मशीनवर बसून, मोठी माणसं सुदिक इतकं बराबर माप देत न्हाईत." खतीजाबीने लाल कापडाचा एक तुकडा कापला, कडा दुमडल्या आणि टीप मारली. दोरा दाताने तोडताना तिने विचारलं, "आज वर्ष झालं ना लेकराला जाऊन?"

करुणाने मान हलवली. लाळेरं घेतलं आणि ती निघाली. ती दहा वर्षांची होती.

कुरुंद्याच्या विहारामागे, ओढ्याकडे तोंड करून, दीड हात उंचीचा एक पुतळा चौथऱ्यावर उभा आहे. डोकं तासलेलं, डोळे मिटलेले, चेहरा लहान मुलाचा. हातात काठी आणि काठीच्या टोकाला सहा कड्या, सगळं एकाच दगडात कोरलेलं. सव्वीस वर्षांपूर्वी एक जपानी भिक्खू अकरा दिवस विहारात राहिले होते. जाताना त्यांनी तो दिला. नाव सांगितलं, जिझो. तो बुद्ध नाही, म्हणून त्याला आत ठेवलं नाही.

विहाराच्या किल्ल्या करुणाच्या आजोबांकडे, रामजींकडे असत. ते निवृत्त पोस्टमन. भिक्खूंनी मोडक्यातोडक्या हिंदीत जे सांगितलं ते त्यांनी तारखेसह वहीत उतरवून ठेवलं होतं. आईबापांआधी मेलेली लेकरं जगाच्या काठावरच्या एका कोरड्या नदीत राहतात. त्यांना पलीकडे जाता येत नाही. ती दगडावर दगड रचत बसतात. कुणीतरी येतं आणि ते पाडून टाकतं. लेकरं पुन्हा रचतात. हा जिझो तिथं फिरतो आणि त्यांना आपल्या झग्यात लपवतो. त्याच्या गळ्यात आया लाल लाळेरं बांधतात.

"त्यांच्याकडं असं मानतात," रामजी प्रत्येकाला बजावून सांगत. "आपण देव मानत न्हाई, भूत मानत न्हाई. पाहुण्याची वस्तू म्हणून जपायची, बस."

तरीही गावात कुणाचं लेकरू गेलं की चार दिवसांत पुतळ्याच्या गळ्यात नवं लाळेरं दिसे. कोण बांधतं हे कुणी विचारत नसे. रामजीही नाही. मागच्या वर्षी त्यांच्या सुनेने, संध्याने बांधलं. करुणाच्या धाकट्या भावासाठी, प्रज्ञेशसाठी. तो सहा वर्षांचा होता. हळद शिजवायच्या दिवसांत ताप आला आणि तिसऱ्या दिवशी नांदेडच्या दवाखान्यात तो गेला.

ताप आला त्या दुपारची एक गोष्ट फक्त करुणाला माहीत होती. दोघं लगोरी खेळत होते. सहा दगड शहाबादी फरशीचे आणि सगळ्यात वरचा, सातवा, ओढ्यातला काळा, चपटा, एका बाजूने टवका उडालेला. हळदीच्या खळ्यावरून आलेल्या प्रज्ञेशचे हात पिवळे होते. त्याने सहा दगड रचले. सातवा करुणाच्या मुठीत होता.

"दे ना ताई."

ती हसत राहिली. तो मागत राहिला. मग आईने हाक मारली आणि खेळ तसाच राहिला.

दगड वर्षभर तिच्या दप्तरात होता. आबांकडून ती नदीची गोष्ट ऐकल्यापासून तिला नीट झोप लागत नव्हती. तो तिकडे बसून सहाच रचत असणार. सातव्याशिवाय लगोरी होत नाही.

सकाळी विहारात वंदना झाली, घरी जेवणं झाली. वडील हळदीच्या कुकरवर परत गेले. आई आत पडून होती. करुणा एकटीच विहारामागे आली तेव्हा तिच्या घड्याळात एक वाजून दहा मिनिटं झाली होती. उन्हाने चौथरा तापला होता. तिने जुनं, विटलेलं लाळेरं सोडलं, नवं बांधलं आणि काळा दगड खिशात सरकवला. तो बरोबर बसला. मग तिने हात जोडले, डोळे मिटले आणि त्रिशरण म्हणायला सुरुवात केली. दुसरं काय म्हणायचं ते तिला माहीत नव्हतं.

तिसऱ्यांदा म्हणताना कड्या वाजल्या.

दगडात कोरलेल्या कड्या वाजत नाहीत. तिने डोळे उघडले. चौथरा रिकामा होता. धुळीत लहान अनवाणी पावलं उमटली होती आणि ती ओढ्यात उतरली होती.

ती त्या पावलांमागे गेली.

ओढा माघातच आटला होता. विहारापासून पुलापर्यंत एकशे वीस पावलं होती. प्रज्ञेशबरोबर तिने ती कितीदा तरी मोजली होती. आज एकशे विसाव्या पावलावर पूल नव्हता. तिथे एक लाल कमान होती. दोन खांब, वर दोन आडव्या तुळया, वरची टोकांना किंचित उचललेली. दार नाही, भिंत नाही. तिच्यामागे दुसरी. त्यामागे तिसरी. एकेचाळीसपर्यंत तिने मोजल्या. पुढे त्या इतक्या दाट झाल्या की मोजणं जमेना. कडेला दगडाचे दोन कोल्हे बसले होते, त्यांच्याही गळ्यात लाल लाळेरी होती. एकाच्या तोंडात किल्ली होती. ती जवळून गेली तेव्हा किल्ली त्याच्या दातांवर किणकिणली.

उजेड हळदीच्या पाण्यासारखा होता. तिची सावली पडत नव्हती. पुढे वळणावळणावर लाल लाळेरं दिसे आणि नाहीसं होई.

शेवटच्या कमानीवर कुणीतरी उकिडवं बसलेलं होतं, विहाराच्या घुमटाएवढं. खांद्यावर भली मोठी पिशवी. पिशवीचं तोंड जरा सैल झालं आणि ओढ्यातले सगळे गोटे एकदम खडखडले, तिची वेणी उडाली. मग त्याने खाली पाहिलं. इतकी लहान मुलगी चालत येताना पाहून त्याने पिशवीचं तोंड दोन्ही हातांनी आवळून धरलं. ती पार होईपर्यंत जगात कुठेही वारा नव्हता. करुणाच्या अंगावर काटा आला, पण ती भीती नव्हती. पौर्णिमेला विहारात शंभर मेणबत्त्या एकदम पेटतात तेव्हा तिला असं होत असे.

पुढे एक निष्पर्ण झाड होतं, त्याखाली एक म्हातारी. फांद्यांवर कपडे वाळत होते. सगळे लहान मापाचे. त्यात एक शाळेचा पांढरा शर्ट होता, तिसरं बटण तुटलेला. करुणाने तो ओळखला. म्हातारीने तिच्या फ्रॉकची कड दोन बोटांत धरली आणि खतीजाबी कापड चाचपते तशी चाचपून पाहिली. पुढून कड्या वाजल्या. म्हातारीने कड सोडून दिली.

मग नदी आली.

पलीकडचा काठ दिसत नव्हता. सगळीकडे गोटे, आणि गोट्यांमध्ये लेकरं. किती, हे सांगता येणार नाही. प्रत्येकापुढे एक ढीग. कुणी बोलत नव्हतं. दगडावर दगड ठेवल्याचा आवाज तेवढा होता, दूरवर जाऊन पुन्हा परत येणारा.

प्रज्ञेश पाठमोरा बसला होता. हात पिवळेच होते.

"लई उशीर केलास," तो न वळता म्हणाला.

"लांब हाय रे हे."

"आणलास का?"

तिच्या बाजूला जिझो उभा होता, दीड हात उंचीचा, मिटल्या डोळ्यांचा. तिने त्याच्या खिशातून काळा दगड काढला आणि भावाच्या हातावर ठेवला. हात ओला आणि थंड होता.

"लबाड," प्रज्ञेश म्हणाला. "वर्षभर लपवून ठेवलास."

"चुकलं माझं."

तेवढ्यात दूरवर ढीग कोसळायला लागले. एक, मग दहा, मग मोजता न येण्याइतके. काहीतरी येत होतं. त्याला आकार नव्हता. ते येईल तिथला उजेड कमी होत होता.

लेकरं उठली आणि धावली.

जिझोने झगा उघडला. दीड हाताच्या पुतळ्याचा झगा, पण तो आभाळभर झाला.

"ठेव लवकर!" करुणा कुजबुजली.

प्रज्ञेशने दगड ठेवला. सातवा.

"लगोरी!"

त्या नदीत पहिल्यांदा कुणीतरी ओरडलं होतं.

मग झगा मिटला. आत अंधार होता, हळदीचा वास होता आणि शेकडो लहान श्वास. एका हाताने तिचा फ्रॉक घट्ट धरला.

"पुना येशील का?"

"आता तर झाली ना लगोरी," ती म्हणाली.

फ्रॉकवरचा हात तिच्या खिशाकडे सरकला.

"काहून बसलीस गं उन्हात?" रामजी तिचा खांदा हलवत होते. ती चौथऱ्याला टेकून बसली होती. पुतळा जागेवर होता. घड्याळात एक वाजून बावीस मिनिटं.

तिने सांगितलं. कमानी, कोल्हे, किल्ली. रामजी पुतळ्याकडे वळले. त्यांनी पुतळ्याच्या लाळेऱ्याचा खिसा चाचपला. रिकामा होता. बोटं मात्र ओली झाली.

घरी येऊन त्यांनी ट्रंकेतून वही काढली. सव्वीस वर्षांपूर्वीच्या पानावर भिक्खूंनी पेनाने काढलेलं एक चित्र होतं. कमान, दोन कोल्हे, एकाच्या तोंडात किल्ली.

"ही वही तू कवा पाहिलीस?"

"न्हाई पाहिली आबा."

"व्हय. दाखवलीच न्हाई मी कुणाला." त्यांनी ते पान मिटलं. मग वही ट्रंकेत गेली आणि त्या ट्रंकेला पहिल्यांदा कुलूप लागलं.

करुणा त्या रात्री हसत पोटभर जेवली. संध्याने ते पाहिलं आणि तिला आणखी एक भाकरी वाढली. वर्षभराने मुलगी हसली होती.

झोपण्याआधी करुणाने फ्रॉक बदलायला काढला. खिशातून काहीतरी फरशीवर पडलं आणि गोल फिरून थांबलं.

काळा दगड. चपटा, एका बाजूने टवका उडालेला. अजून ओला होता आणि त्यावर चार लहान बोटांचे पिवळे ठसे होते.

तिकडे पुन्हा सहाच राहिले होते.